कॅज्युअल्टीच्या दारात एक वजनकाटा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई यांस,

विषय : ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांच्या अपघात विभागात लहान मुलांचा वजनकाटा आणि औषधमात्रांचा तक्ता ठेवण्याबाबत.



विषय वाचून आपल्या कार्यालयात टपाल फोडणाऱ्यांना हसू आलं असेल तर मला नवल वाटणार नाही. मंत्र्यांना लोक नव्या इमारतीसाठी लिहितात, रिकाम्या पदांसाठी लिहितात, बदलीसाठी तर लिहितातच. मी काट्यासाठी लिहितेय. ज्या रुग्णालयाचा अनुभव सांगणार आहे त्याचं नाव मी मुद्दाम घालत नाही. नाव घातलं की चौकशी लागते, चौकशी लागली की त्या रात्री ड्युटीवर असलेल्या सिस्टरला कारणे दाखवा नोटीस निघते, आणि काटा होता तिथंच कुलपात राहतो. त्या सिस्टरनं हाताशी होतं तेवढ्यावर माझ्या मुलासाठी सगळं केलं. तिच्या हाताशी काय होतं, याबद्दल हे पत्र आहे.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते, पतसंस्थेत नोकरी करते. मुलगा दोन वर्षांचा. दिवसभर ताप होता, संध्याकाळी सिरप दिलं होतं. रात्री माझ्या मांडीवरच त्याचे डोळे वर गेले, अंग ताठ झालं आणि हातापायांना झटके सुरू झाले. सासूबाईंनी कांदा फोडून नाकाशी धरला. शेजारच्या काकांनी पायातली चप्पल काढली, आणखी कुणीतरी दातखीळ बसू नये म्हणून चमचा आणायला धावलं. मिस्टरांनी रिक्षा आणली. बालरोगतज्ज्ञांच्या खासगी दवाखान्याला कुलूप होतं, म्हणून तसेच सरकारी रुग्णालयात गेलो. तिथं पोचलो तरी झटके थांबलेले नव्हते.

सिस्टरनं त्याला टेबलावर घेऊन कुशीवर वळवलं, तोंडातला फेस पुसला आणि मला पहिला प्रश्न विचारला, “वजन किती?” मी नाव सांगत होते, ताप कधीपासून ते सांगत होते. तिनं परत विचारलं, “ताई, वजन?” मी म्हटलं, अकरा-बारा असेल. कोपऱ्यात मोठ्या माणसांचा उभं राहायचा काटा होता, त्याच्यावर सलाईनची खोकी रचलेली. लहान मुलांचा काटा लसीकरणाच्या खोलीत, त्या खोलीला कुलूप, आणि किल्ली दिवसपाळीच्या सिस्टरकडं. वॉर्डातले मामा किल्ल्यांचा जुडगा घेऊन एकेक किल्ली लावून बघत होते, त्याचा आवाज मला टेबलापाशी ऐकू येत होता. तोवर डॉक्टर आले. तरुण होते, बहुधा बॉण्डवरचे. त्यांनी वजन विचारलंच नाही, वय विचारलं, आणि तोंडातल्या तोंडात हिशेब केला : वयाची दुप्पट अधिक आठ, म्हणजे बारा किलो. सिस्टरनं औषध भरलं, किती भरलं ते मोठ्यानं म्हणाली, डॉक्टरांनी तो आकडा परत उच्चारला, मग सुई काढून नुसत्या सिरिंजनं दोन्ही नाकपुड्यांत थोडं थोडं सोडलं. ऑक्सिजनचा मास्क मोठ्यांचा होता, कपाळापासून हनुवटीखालपर्यंत येणारा. सिस्टर तो हातानं चेहऱ्यापासून जरा दूर धरून उभी राहिली. बोटाला टोचून साखर तपासली. झटके थांबले.

माझा मुलगा बरा आहे. याला तापातली आकडी म्हणतात. सहा महिने ते पाच वर्षं या वयातल्या शंभरातल्या दोन ते पाच मुलांना ती कधी ना कधी येते, बहुतेकांची पाच मिनिटांच्या आत आपोआप थांबते, मेंदूला इजा होत नाही आणि पुढं फेफऱ्याचा आजार जडण्याची शक्यताही थोडीच असते. हे सगळं मला दुसऱ्या दिवशी बालरोगतज्ज्ञांनी समजावलं. माझी नणंद दुसऱ्या जिल्ह्यात स्टाफ नर्स आहे. “वजन किती?” हा प्रश्न सिस्टरनं नाव-गावाच्याही आधी का विचारला, हे तिनं मला फोनवर सांगितलं, आणि या पत्राचं मूळ तिथं आहे.

मोठ्या माणसाला एक गोळी म्हणजे एक गोळी, माणूस पन्नास किलोचा असो की ऐंशीचा. मुलांच्या बाबतीत जवळपास प्रत्येक औषध किलोच्या हिशेबानं द्यावं लागतं. आकडी थांबवायचं मिडाझोलाम नाकातून देताना किलोमागे 0.2 मिलिग्रॅम. कमी पडलं तर आकडी थांबत नाही, जास्त झालं तर श्वास मंदावतो. सलाईन, अँटिबायोटिक, घरातलं तापाचं सिरप, सगळ्यांना हाच नियम. सिरपचं तर आणखी एक आहे. पॅरासिटामॉलची मात्रा किलोमागे 15 मिलिग्रॅम, पण बाजारात एका बाटलीच्या 5 मिलिलिटरमध्ये 120 मिलिग्रॅम असतं आणि शेजारच्याच दुसऱ्या बाटलीत 250. बारा किलोच्या मुलाला पहिल्या बाटलीतून साडेसात मिलिलिटर लागतं, दुसरीतून साडेतीनपेक्षा किंचित जास्त. आमच्याकडं मात्र दुकानदारापासून आजीपर्यंत सगळे “एक चमचा द्या” म्हणतात.

आता तो अंदाजाचा हिशेब. वयाची दुप्पट अधिक आठ, हे सूत्र डॉक्टरांना शिकवतात आणि चांगल्या खात्यापित्या मुलाला ते बऱ्यापैकी लागू पडतं. माझ्या मुलाला लागू पडलं. दुसऱ्या दिवशी मोजलं तर त्याचं वजन बाराच्या अगदी जवळ निघालं. पण हेच सूत्र धडगाव किंवा धारणीसारख्या आदिवासी भागातल्या रुग्णालयात लावून बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 साली, महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 36 टक्के मुलं वयाच्या मानानं कमी वजनाची आढळली होती. दोन वर्षांचा मुलगा नऊ किलोचा असेल तर सूत्र त्यालाही बाराच किलोचं औषध देईल. म्हणजे लागतं त्याच्या सव्वापटीहूनही जास्त, तेही ज्याच्या अंगात सोसायची ताकद सगळ्यात कमी आहे अशा पोराला. अंदाज चुकतो तो नेमका गरिबाच्या मुलाच्या बाबतीत चुकतो. ही गोष्ट मला झोपू देत नाही, म्हणून आपल्याला लिहिते आहे.

अमेरिकेत जेम्स ब्रोझलो नावाच्या डॉक्टरांनी यावर एक रंगीत पट्टी काढली. मुलाच्या शेजारी पट्टी अंथरायची, टाच ज्या रंगावर येईल त्या रंगाच्या खान्यात औषधांच्या मात्रा छापलेल्या. युक्ती झकास आहे. पण ती तिकडच्या मुलांच्या अंगकाठीवर बेतलेली. आपली मुलं उंचीच्या मानानं हलकी, त्यामुळं आपल्याकडं पट्टी वजन फुगवून दाखवू शकते. तेव्हा परदेशी पट्ट्यांची खरेदी निघाली, तर तिला माझं हे पत्र जोडू नये. मला साधा काटाच हवा आहे.

गंमत म्हणजे आपल्या खात्याइतकं मुलाला वजनात तोलणारं दुसरं कुणी नाही. जन्मल्या जन्मल्या वजन होतं. आशाताई घरी येऊन झोळीच्या काट्यावर करतात. अंगणवाडीत दर महिन्याला होतं, माता व बाल संरक्षण कार्डावर त्याचे ठिपके पडतात, रेषा वर चालली की खाली यावर सेविका चार शब्द सुनावतात. लसीला नेलं की परत वजन. अंगणवाडी महिला व बालविकास खात्याकडं आहे, तुमच्याकडं नाही, हे मला ठाऊक आहे. पण मूल एकच आहे. एवढ्या वेळा तोललेलं हे मूल रात्री आकडी येऊन तुमच्या दारात येतं तेव्हा त्याचं वजन कुणालाच माहीत नसतं. ते कार्ड घरी कपाटात, लग्नाच्या अल्बमखाली असतं. आमचं तिथंच होतं.

वजनावरून जीव वाचवण्याची परंपरा आपल्याच राज्यातली आहे, हेही सांगायला हवं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी लागू पडते, हे बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या कामातून दाखवलं आणि जगाला ‘लॅन्सेट’मधून कळवलं. पूर्वी विंचू चावलेलं मूल हातपाय गार पडून, घाम सुटून, फुफ्फुसात पाणी होऊन जायचं, ते वाचू लागलं. सरकारनं 2022 साली त्यांना पद्मश्री दिली. मुलांसाठी त्या गोळीची मात्रा किलोमागे 30 मायक्रोग्रॅम. म्हणजे तिथंही आधी काटाच लागतो. (सर्पदंशावरचं प्रतिविष मात्र याला अपवाद आहे. साप विष ओतताना समोर मूल आहे की बाप्या हे बघत नाही, म्हणून प्रतिविषाची मात्रा मुलाला मोठ्या माणसाएवढीच द्यायची असते. नणंदेनं हे सांगितलं तेव्हा मी दोनदा विचारून घेतलं. तक्त्यावर हीसुद्धा एक ओळ ठळक छापा, कारण घाबरलेला नवा डॉक्टर तिथं हात आखडता घेऊ शकतो.)

आपल्याकडं पैसे नाहीत, माणसं नाहीत, मोठ्या शहरांसारखं आपल्याला कसं जमणार, असं उत्तर येऊ शकतं. परळला मुलांसाठी वाडिया रुग्णालय 1929 पासून आहे, तसं प्रत्येक तालुक्याला द्या असं मी म्हणत नाही. मी आफ्रिकेतल्या मलावीचं उदाहरण देते, तो देश आपल्यापेक्षा कितीतरी गरीब आहे. ब्लँटायर शहरातल्या क्वीन एलिझाबेथ या सरकारी रुग्णालयात डॉ. एलिझाबेथ मॉलिन्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 च्या सुमारास एवढंच केलं की आलेल्या मुलांची रांग नुसती नंबरानं चालू दिली नाही. दारातच बघायचं : श्वास कसा आहे, हातपाय गार आहेत का, आकडी आहे का, मूल शुद्धीवर आहे का. यातलं काही असेल त्याला रांगेतून उचलून आत घ्यायचं, आणि तातडीच्या उपचारांचं सामान एका जागी ठेवायचं. आधी तिथं दाखल झालेल्या मुलांपैकी शंभरातली दहा ते अठरा दगावत होती, नंतर सहा ते आठ. जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत 2006 साली हे छापून आलं आहे. हीच पद्धत आपल्या देशातल्या डॉक्टर-नर्सेसच्या बालआजार प्रशिक्षणातही आहे. म्हणजे शिकवून झालंय. शिकून परत आलेल्या सिस्टरला वापरायला सामान द्यायचं राहिलंय.

त्या रात्रीचं आणखी एक सांगायचं आहे, काट्याच्या थोडं बाहेरचं. औषध गेल्यावर मूल निपचित पडलं. झटके थांबल्याचा आनंद मला झाला नाही, कारण मला वाटलं, संपलं. डॉक्टर पलीकडच्या टेबलावर मोटारसायकलच्या अपघातातल्या माणसाकडं गेले होते, सिस्टर ‘पुढं न्यायचं की इथंच ठेवायचं’ यासाठी फोनवर होती. लादी पुसणाऱ्या मावशी माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, “ताई, झोपलाय त्यो. छाती बघा, वर-खाली होतीया.” मी छाती बघितली. आकडीनंतर आणि त्या औषधानं मूल तास-दोन तास गाढ झोपतं, ही माहिती त्या सबंध रुग्णालयात मला मावशींनी दिली, आणि ती त्यांची ड्युटी नव्हती.

म्हणून तक्त्याच्या शेजारी आई-बापासाठीही एक पाटी लावा, साध्या मराठीत, आणि जिथं पावरी, कोरकू किंवा माडिया बोलतात तिथं त्या भाषेत. अक्षर मोठं असू द्या. आकडी आलेल्या मुलाला कुशीवर ठेवा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. कांदा, चप्पल काही हुंगवू नका. घड्याळ बघा, पाच मिनिटांत थांबली नाही तर 108 ला फोन करा. पहिल्यांदाच आली असेल तर थांबली तरी डॉक्टरांना दाखवा. आकडीनंतर मूल झोपेल, त्याला घाबरू नका. पण बऱ्याच वेळानंही नीट जागं होत नसेल, मान ताठ असेल, अंगावर जांभळे डाग असतील, सारख्या उलट्या होत असतील, मूल सहा महिन्यांच्या आतलं असेल, तर ती साधी आकडी समजू नका. विदर्भात ही ओळ फार महत्त्वाची. ज्या चांदीपुरा विषाणूला नागपूरच्या एका भागाचं नाव पडलंय, तो तिथंच 1965 साली सापडला. 2003 साली त्यानं आंध्रात आणि आपल्या राज्यातही मुलं नेली, आणि तोही ताप आणि आकडी याच दोन खुणांनी घरात शिरतो. काही तासांत मूल हातचं जाऊ शकतं. साधी आकडी कोणती आणि मेंदूज्वर कोणता हे ओळखायचं काम डॉक्टरांचं आहे, घरच्यांनी फक्त वेळ दवडू नये.

सासूबाईंच्या कांद्याला हसणारे पुष्कळ भेटले. मला हसू येत नाही. त्यांच्या हातात दुसरं काही कुणी दिलंच नव्हतं. मुलाच्या लसीकरणाच्या फेऱ्यांत, अंगणवाडीच्या सभांत, हात कसे धुवायचे हे आम्हाला भिंतभर चित्रांनी शिकवलं, आकडीबद्दल कुणी एक वाक्य बोललं नाही. शंभरातल्या दोन ते पाच घरांत जे घडणार हे खात्याला माहीत आहे, ते आईला मूल नऊ महिन्यांचं असताना, गोवरच्या लसीच्या दिवशी सांगता येतं. त्या दिवशी ती बाळाला घेऊन अर्धा तास तिथं थांबलेलीच असते.

108 ची सेवा 2014 पासून आहे, गाडीत डॉक्टर असतो, हे राज्याचं मोठं काम आहे आणि त्याबद्दल वाईट बोलायची माझी इच्छा नाही. फक्त प्रत्येक गाडीत मुलाच्या मापाचा मास्क, हातानं दाबून श्वास द्यायची मुलाच्या मापाची अंबू बॅग आणि नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा आहे का, हे एकदा मोजून घ्या. 15 ऑगस्ट 2023 पासून आपल्या खात्याच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. त्या रात्री आमच्याकडं कुणी एक रुपया मागितला नाही, हेही मी नमूद करते. आणि एक विचारते. करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर, मुलांना तिसरी लाट गाठणार या भीतीनं, केंद्राच्या 2021 च्या योजनेतून जिल्ह्याजिल्ह्यांत मुलांचे कक्ष उभे करायचं ठरलं, खाटा आणि यंत्रं घ्यायचं ठरलं. त्यातलं मुलांच्या मापाचं सामान आज कुठल्या खोलीत आहे? एखाद्या गोदामात असेल तर तालुक्यांना वाटून टाका. नवीन खरेदीची वाट बघायलाच नको.

माझं मागणं तसं आटोपशीर आहे. प्रत्येक अपघात विभागात, टेबलापासून हाताच्या अंतरावर, लहान मुलांचा एक काटा. त्याला कुलूप नको आणि त्याच्यावर खोकी नकोत. वर भिंतीला किलोवार मात्रांचा तक्ता, म्हणजे पहाटे तीन वाजता कुणाला तोंडी गुणाकार करावा लागू नये. एका डब्यात मुलांच्या मापाचे दोन-तीन मास्क, फवारा, साखर तपासायच्या पट्ट्या. डबा दर सोमवारी उघडून बघायचा आणि बघणाऱ्यानं सही करायची. यासाठी निविदा लागत नाही. रुग्ण कल्याण समितीकडं स्थानिक गरजेसाठी निधी असतो आणि काटा काही हजारांत येतो. काही रुग्णालयांनी हे आपणहून केलेलं असेलही, ती कुठली हे आपल्याला एका दिवसात कळू शकतं, आणि मग उरलेल्यांना त्यांच्याकडं बोट दाखवता येईल.

आमच्या पतसंस्थेत रोज सरकारी परिपत्रकं येतात, ती फाइलला लावायचं काम माझ्याकडंच असतं. त्यांत “तात्काळ कार्यवाही करावी” असं हमखास लिहिलेलं असतं आणि ती फाइल वर्षानुवर्षं कपाटात असते. तेव्हा आपण परिपत्रक काढाल त्यात ‘तात्काळ’ लिहू नका, तारीख लिहा. त्या तारखेनंतर मी आमच्या रुग्णालयात जाऊन बघून येईन आणि काटा असेल तर आपल्याला तसं कळवीन.

कळावे,

आपली,
दोन वर्षांच्या एका मुलाची आई